तुझ्या दीड पानाच्या वाक्यापायी

प्रिय टकटके,

ताईचे अनेक आशीर्वाद. तू विसरली असशील म्हणून आधीच सांगून ठेवते, ताई म्हणजे मी, तुझी थोरली बहीण, वय वर्षं ब्याऐंशी, अजून जिवंत आहे आणि अजूनही मला वाचता येत नाही. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की सोबतचं कात्रण सवडीनं वाच. सवड भरपूर मिळाली. कात्रण मी दोन्ही बाजूंनी पाहिलं. एका बाजूला एक टकले गृहस्थ आहेत आणि दुसऱ्या बाजूला गादी आहे. त्यातलं नेमकं काय वाचायचं होतं ते कळव. शिवाय मांजर गेल्याची बातमी तू लागोपाठ दोन पत्रांत दिलीस, आणि दोन्ही वेळा मी सारखीच हळहळले, कारण मांजर एकच होतं की दोन हे सूनबाईला सांगता येईना.

बाकी तुझी तब्येत कशी आहे? तुझे डोळे आणि तुझा स्वयंपाकघरातला नळ, दोन्ही गळायचे थांबले का? माझा गुडघा पूर्वीसारखाच आहे, म्हणजे जिना चढताना दुखतो आणि उतरताना आधी चढलेलं आठवून दुखतो. भूक लागते. झोप लागते. ऐकू अजून उत्तम येतं, आणि या पत्रात तेच महत्त्वाचं आहे.

हे पत्र नात लिहून घेते आहे. ती टाइप करते, पण तुझ्यासारखी टकटक नाही, तिच्या बटणांना आवाजच नाही, त्यामुळे पोरगी लिहितेय की नुसतीच समोर बसलीय हे कळायला मार्ग नाही. मधे मधे कंस येतील. कंस म्हणजे हळू आवाजात बोलणं, असं तिनं मला समजावलं, तेव्हापासून मला कंस फार आवडायला लागलेत. (ती आत्ता हसली. हसलेलं लिहायचं नाही म्हणाली. लिही.)

तर मुद्दा असा. तुझी सगळी पत्रं माझ्या पत्र्याच्या डब्यात आहेत, एकशे सदतीस. मोजायला मला कुणी लागत नाही, इस्पितळाच्या धुलाईखान्यात बत्तीस वर्षं चादरी मोजल्यात. पण त्यातलं एकही पत्र माझ्यापर्यंत सरळ आलेलं नाही. आधी तुझे भावोजी वाचून दाखवायचे, ते गेल्यापासून सूनबाई वाचते. सूनबाई मनानं फार चांगली, त्यामुळे दुसऱ्याच ओळीला तिचा गळा भरून येतो आणि पुढचं सगळं पदराला पुसलं जातं. तुझ्या भावोजींचं तसं नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचण्यात त्यांची उभी नोकरी गेली, आकडा कधी चुकला नाही. पण पत्र वाचणाऱ्याचं तोंड मी कधी पाहत नाही, डोळे पाहते. डोळे पुढे पळतात आणि तोंड मागून चालत येतं. मधेच डोळे कशाला तरी ठेचकाळले की तोंड म्हणतं, 'बाकी सर्व क्षेम.' इतकी वर्षं तुझ्या घरी इतकं क्षेम कुठून येतं याचं मला नवल वाटायचं. एकटी बाई, भाड्याची खोली, दिवसभर कचेरीत टायपिंग, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी सर्व क्षेम. मी इथे भरल्या घरात राहून मला कधी एवढं जमलं नाही.

मला मरायच्या आधी तुझं एक तरी पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकायचं होतं, मधे कुणाचेही डोळे न येता. माझी मागणी एवढीच. तिच्यापायी किती लोकांचा खोळंबा झालाय ते आता सांगते.

आपली नात दिवसा एका विमा कचेरीतले संगणक सांभाळते आणि उरलेल्या वेळात फुकट काम करते. लिनक्स म्हणून एक प्रकार आहे. संगणक सुरू झाल्यावर सगळ्यात आधी त्याच्या अंगात जे येतं ते, असं मी समजून घेतलंय. (तिला हे वाक्य पटलेलं नाही, पण तिची नापसंती टंकात उमटत नाही.) तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. ठिकठिकाणची हजारभर माणसं आपापल्या घरी बसून त्याचे तुकडे शिवतात आणि एकत्र जोडतात. त्यातला एक तुकडा असा की छापलेला कागद काचेवर ठेवला की तो ओळखायचा आणि मोठ्यानं वाचून दाखवायचा, आपल्या भाषेतसुद्धा. तुझी सगळी पत्रं टाइप केलेली. हस्ताक्षर असतं तर संगणकानं हात टेकले असते, म्हणजे तुझ्या नोकरीचा मला असा उपयोग व्हायचा होता. मी म्हटलं, मग बसव की माझ्या खोलीत. तर म्हणाली, आजी, स्थिर आवृत्ती येऊ दे.

स्थिर आवृत्ती म्हणजे काय ते ऐक. नवीन शिवलेला तुकडा आधी अस्थिर कपाटात जातो. तिथे काही दिवस धडपडला नाही तर चाचणीच्या कपाटात. मग एके दिवशी सगळे ठरवतात की आता पुरे, नवीन काही घ्यायचं नाही, असलेलंच दुरुस्त करायचं. त्याला गोठवण म्हणतात. सगळ्या मोठ्या चुका निघाल्या की मग ती स्थिर, मग ती लोकांच्या घरात. नात बाहेर कितीही अस्थिर चालवील, पण घरात, आणि त्यातून आजीच्या खोलीत, स्थिरच. याबाबतीत ती तुझ्या भावोजींवर गेली आहे. स्थिर कधी येणार म्हणून विचारलं, तर म्हणे, तयार झाली की. तारीख? तारीख नाही. मी रोज चहाला विचारायचे आणि ती रोज तेच सांगायची. सूनबाई म्हणाली, असलं कसलं बेजबाबदार काम. मला मात्र ती माणसं तिथेच आवडली. धुलाईखान्यात मुकादम तारीख द्यायचा आणि आम्ही ओल्या चादरींच्या घड्या घालून वर पाठवायचो, आणि वर आजारी माणसं त्या ओल्या चादरींवर निजायची. वाळली की देऊ, असं म्हणणारं कुणीतरी जगात आहे हे ऐकून बरं वाटलं.

मग मी घरातही गोठवण लावली. नवीन पडदे नाहीत, नवीन बादली नाही, नवीन भांडण नाही, जुनी भांडणं दुरुस्तीपुरती काढायला हरकत नाही. सूनबाईनं सोफा ठरवला होता, तो परत गेला. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही, पण तो अबोला जुना असल्यामुळे नियमात बसत होता. मी स्वतःलाही सवलत दिली नाही. गुडघा जुना, तो चालू राहिला. फेब्रुवारीत खांदा धरला तो नवीन, म्हणून तो मी स्थिर आवृत्ती येईपर्यंत डॉक्टरांना दाखवलेला नाही. (हे नातीला आत्ता कळलं. थांबू नकोस, लिहीत राहा.)

असे चार महिने गेल्यावर मीच कुरकुर सुरू केली, की निदान तुझ्या संगणकावर एकदा ऐकव, मग थांबते. नात तयार झाली. मी डब्यातून पाकीट काढलं. अक्षरं मला ओळखता येत नाहीत पण पाकिटं येतात. चहाचा गोल डाग असलेलं, सगळ्यांत जाड, एकतीस वर्षांपूर्वीचं. मी नातीकडून शपथ घेतली की एक अक्षर वाचायचं नाही, तुझे डोळे मधे आले तर सगळंच फुकट. तिनं शपथ इतकी पाळली की पान काचेवर पालथं घालताना मान वळवली, आणि मग पडद्यावर अक्षरं येतील म्हणून पडद्यावर टॉवेल टाकला. पोरीनं टॉवेलखाली हात घालून काम केलं.

आणि आवाज आला. बाईचा आहे, पण बाईचं काही नाही त्यात. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसा. आशीर्वाद मागितलास तोही तसाच, नवीन साहेबाला शिव्या दिल्यास त्याही तशाच. मला फार आवडला तो आवाज, कारण त्याला माझी कीव येत नव्हती. पहिलं पान झालं. टकटके, तू त्या पत्रात एक वाक्य सुरू केलं आहेस. ते साहेबाच्या टेबलापासून निघतं, टंकलेखन यंत्राच्या फितीवरून, इस्पितळातल्या खाटेवरून, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या घोरण्यावरून जातं, आणि पूर्णविराम कुठेच लागत नाही. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे पूर्णविराम देऊन तुझे संपत असतील. तो आवाज बिचारा मागे मागे येत होता. 'आणि डॉक्टर म्हणाले की' इथपर्यंत आला आणि गप्प झाला. नुसता गप्प नाही, मेलाच. टॉवेल काढून नातीनं पाहिलं तर सगळंच बंद.

ते पुढचं मी म्हटलं. 'काळजीचं काही नाही, बाकी सर्व क्षेम.' नातीनं टॉवेल खाली ठेवला. तुला कसं माहीत, म्हणाली. मी म्हटलं, तुझे आजोबा सांगून गेलेत. तेही नेमके इथेच थांबले होते. मला तो दिवस लख्ख आठवतो. वाचता वाचता थांबले, मला म्हणाले, जरा खाली बस. मी बसले. मग पाणी प्यायले, पत्राची घडी घातली आणि म्हणाले, काळजीचं काही नाही, बाकी सर्व क्षेम. आणि त्यानंतर तीन दिवस त्यांनी घरातली भांडी घासली. लग्नाला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती, भांडी घासण्याची ती पहिलीच वेळ, आणि शेवटचीही. मला वाटलं होतं माणूस सुधारला.

नातीनं रीतसर तक्रार नोंदवली. त्या लोकांकडे चुकांची यादी असते, प्रत्येक चुकीला नंबर आणि पायरी. ही चूक सगळ्यांत वरच्या पायरीची ठरली, म्हणजे ती निघाल्याशिवाय स्थिर आवृत्ती बाहेर पडणार नाही. टकटके, जगभर लोक हातावर हात ठेवून बसले आहेत आणि कारण काय, तर तुला वाक्य संपवता येत नाही. आता मन घट्ट कर. चूक दाखवायला नमुना लागतो. नातीनं ते पत्रच जोडलं, अख्खं, सगळी पानं. काय लिहिलंय ते तिला माहीत नव्हतं, कारण तिनं शपथ पाळली होती. त्या यादीत एकदा टाकलेलं परत निघत नाही आणि ती कुणालाही उघडते. तेव्हा तुझं खासगी पत्र जगाच्या चव्हाट्यावर आहे, त्याबद्दल मी मोठी असून हात जोडते. नातही जोडते आहे. (म्हणून इथे जरा वेळ टायपिंग थांबलं.) त्यातल्या त्यात समाधान असं की तिथल्या बहुतेकांना आपली भाषा येत नाही. एकानं विचारलं की या बाईंनी हे वाक्य मुद्दाम चाचणीसाठी रचलं आहे का. नातीनं कळवलं की नाही, त्या नेहमीच असं लिहितात.

आपली भाषा येणारा एकच गृहस्थ निघाला. पियानो सुरात लावण्याचा धंदा करतात, दृष्टी जन्मापासून नाही, आणि त्यामुळे वाचून दाखवणारा तो तुकडा तेच सांभाळतात. त्यांनी चूक अंगावर घेतली आहे. म्हणजे सध्या आम्ही वाट पाहतो आहोत, सोफा वाट पाहतो आहे आणि माझा खांदाही. स्थिर आवृत्ती आली की तुझं पत्र पूर्ण ऐकेन आणि मग सविस्तर लिहीन. तोवर लहान वाक्यं लिहायचा सराव ठेव.

तुझी,
ताई

ता. क. वर जे लिहिलं ते मंगळवारचं. आज रविवार आहे. मंगळवारीसुद्धा ते पुरतं खरं नव्हतं. स्थिर आवृत्ती अजून आलेली नाही हे खरं, पण पत्र मी गेल्या महिन्यातच ऐकलं आहे. तुला ते कसं सांगावं हे सुचेना, म्हणून सोफ्यापासून सुरुवात केली.

झालं असं की पियानोवाल्यांनी चूक काढली आणि नातीला निरोप पाठवला. तो तिनं मला तीनदा वाचून दाखवला, आणि मी तिचे डोळे पाहत होते, ते कुठेही पुढे पळाले नाहीत. त्यांनी लिहिलं होतं: "चूक दुरुस्त झाली. आता पत्र शेवटपर्यंत वाचलं जातं. खात्री करायला मला ते सात वेळा ऐकावं लागलं, त्याबद्दल आजींची माफी मागतो. नियमाप्रमाणे ही दुरुस्ती स्थिर आवृत्तीबरोबरच घरोघर जाईल. पण आजींना तोवर थांबवू नका." नात उठली, आणि जिनं चार महिने मला स्थिर स्थिर म्हणून टांगून ठेवलं होतं, तिनं त्याच दुपारी चाचणीच्या कपाटातलं सगळं आणून माझ्या खोलीत बसवलं. मग मान वळवून बाहेर गेली आणि दार लावून घेतलं.

मी ऐकलं. डॉक्टर म्हणाले की पुन्हा कापावं लागेल. आणि या खेपेला घरी कुणीतरी दोन महिने हवं. आणि ताईशिवाय तुझं कोण आहे, तर ताईला दोन महिने पाठवता येईल का, नाहीतर तूच इकडे येतेस, कोपऱ्यात कुठेही पडशील. आणि घरमालकिणीच्या झाडाला नासपती आल्यात, त्यांचा मुरंबा दोन बरण्या घालून ठेवलाय, एक ताईची, ती आली की उघडू. आणि, भावोजी, हे वाचून दाखवण्याआधी ताईला जरा खाली बसवा. मग एकदाचा पूर्णविराम. तो आवाज हे सगळं औषधाच्या बाटलीसारखंच म्हणाला. बरं झालं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्याकडे बघत बसले असते.

त्यांनी मला बसवलं होतं गं. म्हणजे सांगणार होते.

ता. क. दुसरं. का सांगितलं नाही ते मला कळत नाही. नात म्हणते, वाक्य लांब होतं, दमले असतील. रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून हरवले-सापडलेपर्यंत मोठ्यानं वाचणारा माणूस दीड पानात दमला, हे नातीनं म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं. मला वाटतं घाबरले. त्यांना साधा चहा करता यायचा नाही. दोन महिने भिंतीकडे बघत बसावं लागेल म्हणून घाबरले, आणि एकदा क्षेम म्हटल्यावर मागे फिरता येईना, म्हणून भांडी घासली. त्यांचा फोटो मी तीन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. तीच ती भिंत. आता परत सरळ केलाय, का ते पुढे कळेल.

मला आठवतं, त्या पत्राच्या उत्तरात मी तुला कौलं गळतात ते सांगितलं, नवीन शेगडी घेतली ते सांगितलं, आणि बरी हो म्हणून सांगितलं. मी काय सांगितलं ते मला माहीत आहे, ते ऐकून त्यांनी कागदावर काय लिहिलं ते तुला माहीत आहे. त्यानंतरची तुझी सगळी पत्रं आखूड आहेत. हे मी पाकिटांच्या जाडीवरून तेव्हाच ओळखलं होतं, पण मला वाटलं तुला कचेरीत काम वाढलं असेल. तुला पुन्हा कापलं हे मला एकतीस वर्षांनी कळलं. कुठल्या कुठे बसलेल्या माणसांना कळलं, एका पियानोवाल्याला सात वेळा कळलं, आणि त्याच्या नंतर मला. वर मी तुला विसराळू म्हटलं ते मागे घेते. तू काहीच विसरलेली नाहीस, आणि तरी एकतीस वर्षं मांजराची खबर देत राहिलीस.

ता. क. तिसरं, आणि आता कंस नको, हे मोठ्यानं लिही. तू मागितलेले दोन महिने मी घेऊन येते आहे. फार उशिरा आहेत हे मला कळतं. टाके केव्हाच वाळले असतील, आता कदाचित मलाच धरून उठवावं लागेल. तरी येते. पिशवी भरली आहे, फोटो समोर ठेवून भरली, म्हणजे त्यांनीही पाहावं. चहा कसा करायचा ते त्यांना आता कुणी सांगायचं कारण नाही. नात सांगते की स्थिर आवृत्ती पंधरा दिवसांत नक्की येणार. येऊ दे, सूनबाईला म्हणावं सोफा आण आणि संगणक त्याच्या शेजारी ठेव. मी असले नसले तरी ती आवृत्ती आता मधेच बंद पडायची नाही.

पण तू ये म्हणशील तरच येईन. आणि उत्तर लिहू नकोस. लिहिलंस की पुन्हा कुणीतरी वाचणार, आणि माझा आता डोळ्यांवर विश्वास नाही, ना माणसाच्या, ना काचेच्या. तुझ्या मनात असेल तर फक्त एक बरणी पाठव, नासपतीच्या मुरंब्याची. ती आली की मी निघाले समज. नाही आली तर तेही मला वाचून दाखवावं लागणार नाही. साखर बेतानं घाल, झाकण घट्ट लाव, आणि दुसरी बरणी तिथेच ठेव, मी आल्यावर उघडू.